पाण्याखालच्या दुकानातलं मीठ

वाणीनमाय गोष्ट सांगायला बसली की तिच्या उजव्या हाताशी तराजू असायचा आणि डाव्या हाताशी खड्यांनी भरलेला एक गंजका डबा. खडे पूर्णा नदीच्या वाळवंटातून वेचून आणलेले, गुळगुळीत, लहानमोठे. एकदा मी त्यातले पाच चांगले बघून सागरगोट्यांसाठी उचलले, तर तिनं माझी वेणी धरून ते परत टाकायला लावले. ते खडे खेळायचे नव्हते, धड्याचे होते.

धडा म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, कारण आता सगळा माल पिशवीत बंद होऊन घरी येतो आणि भांडं घेऊन दुकानात कुणी जात नाही. तेव्हा तेल न्यायला माणूस आपला तांब्या घेऊन यायचा. तो रिकामा तांब्या एका पारड्यात ठेवायचा आणि दुसऱ्या पारड्यात खडे टाकत जायचे, काटा सरळ होईपर्यंत. मग त्या खड्यांशेजारी वजन ठेवायचं आणि तांब्यात तेल ओतायचं. भांड्याचा भार तेलात धरला जाऊ नये म्हणून हा खटाटोप. त्या खड्यांच्या भाराला धडा म्हणायचं. "धडा केलास का गं माय?" असं एखाद्या गिऱ्हाइकानं विचारलं की वाणीनमाय उसळायची. "काटा दिसंना का? का डोळे घरी ठिवून आलास?"

आमचं गाव जिंतूरपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर, पूर्णेच्या काठाला. राज्य निजामाचं होतं, पण आमच्या गावात सरकार म्हणजे चावडीतला एक कंदील आणि उर्दूतले कागद, जे वाचायला जिंतूरहून मुनशी यायचा. तो येईपर्यंत कागदाला उंदीर लागायचे. वाणीनमाय आमच्या शेजारची. त्यांचं घराणं लिंगायतांचं. तिच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असे. नवरा मालासाठी सदा जिंतूर नाहीतर परभणीच्या वाटेवर, त्यामुळे दुकान तीच चालवायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही पोरी ओट्यावर बसून तिच्या तुरीच्या डाळीतले खडे निवडायचो आणि ती गोष्ट सांगायची. निवडलेल्या डाळीबद्दल चिमूटभर गूळ मिळायचा. गोष्ट फुकट. निदान आम्हाला तसं वाटायचं. तिची डाळ मात्र गावात सगळ्यांत स्वच्छ असायची.

मी तेव्हा कशी होते म्हणाल तर काडीसारखी, आणि त्या काडीच्या टोकाला एक तोंड. बाकी अवयव देवानं त्या तोंडाच्या सोबतीला दिले असावेत. कुणी काही सांगायला लागलं की मी "असं कसं?" म्हणायची. राजकन्या हसली की फुलं पडायची, असं वाणीनमाय म्हणाली, तर मी विचारलं, "मग झाडायचं कुणी?" बाकीच्या पोरी फिदीफिदी हसल्या. मला वाटलं, मी लय शहाणी. आज ती पोर माझ्या समोर आली तर मी तिला आधी दोन रट्टे देईन आणि मग बरोबर विचारलंस म्हणून गूळ देईन.

वाणीनमायनं रट्टे दिले नाहीत. तिनं डब्यातला एक खडा उचलला आणि रिकाम्या पारड्यात टाकला. टण्.

"हा धडा," ती म्हणाली. "फुलं पडत न्हाईत, मला बी ठावं हाय. ह्यो भार गोष्टीचा न्हाई, भांड्याचा हाय. बाजूला धर, आन् ऐक."

"पण मग खोटं सांगायचंच कामून?"

"तेल काय मुठीत नेशील, भवाने?"

त्या दिवसापासून तिनं रीतच पाडली. गोष्टीत अशक्य जागा आली की आम्ही विचारायच्या आत ती स्वतःच थांबायची, हात वर करायची, खडा टाकायची आणि म्हणायची, "हा धडा हाय. पण घ्या." आणि पुढे जायची. गंमत अशी की खडा पडला की गोष्ट कमी खरी वाटायला हवी होती, पण उलट व्हायचं. जिथं खडा पडला नाही ते सगळं आम्ही डोळे मिटून खरं मानायचो. बोलणारा पोपट धडा, पण त्या पोपटाला मिरची झोंबली ते खरं.

सगळ्यांत आवडती गोष्ट होती बुडालेल्या गावाची. पूर्णेच्या काठी एक गाव होतं. तिथल्या लोकांनी दारात आलेल्या बैराग्याला घोटभर पाणी दिलं नाही. तो म्हणाला, पाणी एवढं जपता, तर घ्या पाणी. आणि रात्रीतून नदी वर आली आणि गाव तळाशी गेलं (टण्). पण माणसं मेली नाहीत. खालीच राहू लागली. चुली पेटायच्या, (टण्), कोंबडे आरवायचे, (टण्), बाया जात्यावर बसायच्या, आणि वरून नाव गेली की खालची पोरं माना वर करून बघायची. इथपर्यंत वाणीनमाय खडे टाकत सरळ चालायची. मग त्या गावातल्या दुकानाशी आली की थबकायची. दर वेळी थबकायची.

"सगळं कबूल," ती म्हणायची. "गाव बुडालं, कबूल. चूल पेटली, तीबी कबूल. पण पाण्याखाली मीठ कसं इकायचं? पारड्यात टाकस्तोवर इरघळून जाईल की. अन् तेल तर समदं वर तरंगत निघून जाईल. त्या वाणीनीनं दुकान चालवलं कसं?"

आणि ती खरोखर विचारात पडायची. खडा हातात तसाच. आम्ही पोरी सुचवायचो. मातीच्या बरणीत ठेवत असेल. मेण लावत असेल. एकही उपाय तिला पटायचा नाही. शेवटी उसासा टाकून ती सगळ्यांत मोठा खडा पारड्यात टाकायची आणि म्हणायची, "हा लय मोठा धडा हाय बायांनो. पण घ्या."

मला ह्या धड्याची चटकच लागली. घरात, शेतात, पाणवठ्यावर. वडील पाटलाला सांगत होते की यंदा कापूस कमरेइतका वाढलाय. मी मागून हात वर केला. पाटील हसले, वडील हसले नाहीत. काकू सांगत होती की तिच्या माहेरी तूप ओंजळीनं वाढायचे. मी हात वर केला. आईनं तो हात तसाच धरून मला परसात नेलं आणि तिथं जे झालं त्यात धडा अजिबात नव्हता, सगळा मालच होता.

एक गोष्ट मात्र माझ्या तराजूत बसत नव्हती. आगगाडी. आमचा गाडीवान कापूस घेऊन परभणीला जाऊन आला होता आणि सांगत होता की तिथं लोखंडाची घरं एकामागं एक बांधलेली असतात, त्यात माणसं बसतात आणि ती घरं बैलाशिवाय पळतात, तोंडातून धूर सोडत. मी वाणीनमायकडं धावले. तिनंही आगगाडी बघितली नव्हती. तिचा नवरा कामापुरतं बोलणारा माणूस, त्यानं कधी सांगितलं नव्हतं. तिनं खडा उचलला, पारड्यावर धरला, परत ठेवला.

"ह्यात अर्धा धडा हाय," ती म्हणाली. "पण कंचा अर्धा, ते बघितल्याबिगर सांगता यायचं न्हाई."

बस. तेव्हापासून मला आगगाडी बघायची होती. देवाला मी दुसरं काही मागत नव्हते.

आणि माझं चौदावं सरता सरता परभणीचं स्थळ आलं. तेव्हा त्या वयात पोरी उजवायचेच. माझ्या बरोबरीच्या दोघी तर सासरी जाऊन एकेक भांडण जिंकून आल्या होत्या. माझी दोन स्थळं आधीच फिरली होती. कारण उघड कुणी सांगितलं नव्हतं, पण पोरीच्या तोंडाची कीर्ती बैलगाडीपेक्षा वेगानं पसरते. हे तिसरं स्थळ. मुलाचं घर स्टेशनजवळ आहे, परसदारातून रूळ दिसतात, असं मध्यस्थानं सांगितलं. झालं. मुलगा काळा की गोरा, शिकलेला की अडाणी, हे मी विचारलं नाही. नवरा म्हणजे त्या परसदाराला लागून येणारी एक वस्तू असावी, असा माझा समज होता. मी फक्त आईला विचारलं, "दिवसातून किती येळा जाते म्हणे?"

"कोण?"

"गाडी."

आईनं कपाळाला हात लावला. "महादेवा, हिला तोंड दिलंस, अक्कल कवा देशील?"

पाहुणे यायच्या दिवशी सकाळपासून घर सारवलेलं, ढाळजेत घोंगड्या अंथरलेल्या. ढाळज म्हणजे आमच्याकडं दारातून आत शिरल्यावरची पुरुषांची बसायची जागा. तिला लागून आतली खोली, मध्ये फक्त उंबरा. आईनं मला नेसवलं, वेणी घातली, आणि मग एक अख्खी सुपारी माझ्या तोंडात कोंबली.

"गालात धर. चावू नको, गिळू नको. ईचारतील त्येवढ्याला मान हलव. पाहुणे जास्तोवर ही सुपारी तोंडातून भाईर आली तर तू न्हाई का मी न्हाई."

वाणीनमायला मुद्दाम बोलावलं होतं. जमलं की गूळ वाटायचा असतो, तो तिनं टोपलीत आणून ठेवला होता, वर फडकं झाकून. ती माझ्याजवळ आतल्या खोलीत बसली. फडक्याखालून गुळाचा वास येत होता. माझ्या तोंडात सुपारी आणि नाकात गूळ, अशी माझी अवस्था.

परभणीहून मुलाचे चुलते आले होते. अंगात शेरवानी, डोक्यावर लाल रुमी टोपी, मिशा अशा की आधी मिशा आत आल्या आणि मग चुलते. सोबत मुलाची आजी, म्हणजे ह्या चुलत्यांची आई. बुटकी, तोंडात दात नाहीत, आणि डोळे मुंगूस बघतं तसे सगळीकडं फिरणारे. मुलगा आला नव्हता. तेव्हा मुलाला आणायची रीतच नव्हती. ज्याला आयुष्य काढायचं तो सोडून बाकी सगळे बघायला यायचे.

मला ढाळजेत नेऊन बसवलं. नाव काय विचारलं तर आईनं आतून सांगितलं. भाकरी येते का. मी मान हलवली. जात्यावर बसतेस का; मान हलवली. आजीनं माझा हात हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि म्हणाली, "पोरगी मुकी तर न्हाई ना?"

"न्हाई हो!" वडील इतक्या जोरात म्हणाले की सगळ्यांना संशय आला.

मला आत पाठवलं. जमत आलं होतं. वडिलांच्या आवाजातला ताण सैल झाला होता. इतके दिवस ते रात्री जेवताना माझ्याकडं बघून मुकाट पाणी प्यायचे, ते का, हे मला आत्ता कळत होतं. आई दाराआड उभी राहून पदराचं टोक चावत होती. वाणीनमायनं गुळावरचं फडकं जरा मागं केलं. मी डोळे मिटले आणि परसदारातून दिसणारे रूळ बघायला लागले.

आणि चुलत्यांनी मुलाची तारीफ सुरू केली.

"आमचा पोरगा म्हंजे काय सांगावं," ते म्हणाले. "गेल्या सालच्या पुरात आमचा बैल नदीत वाहून चालला. काठावर सारा गाव जमा, कुणाची हिंमत न्हाई. ह्यानं धोतर खोचलं, पुरात उडी टाकली, अन् त्या बैलाला खांद्यावर घेऊन भाईर आला. तहसीलदार साहेबांनी बोलावून पाठ थोपटली. म्हणले, शाबास!"

मी शपथेवर सांगते, मला बोलायचं नव्हतं. माझा हात आधी वर गेला. कुणाला दिसला नाही, कारण मी आत होते. पण हातामागोमाग तोंड उघडलं, सुपारी उडाली, आणि ढाळजेत ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले,

"हा धडा हाय!"

सुपारी सारवलेल्या जमिनीवरून गडगडत निघाली, उंबरा ओलांडला, चुलत्यांच्या जोड्यांना वळसा घातला आणि थेट आजीच्या पायाशी जाऊन थांबली.

आता हे मी आयुष्यभर असंच सांगत आलेय, म्हणून इथं खडा टाकते. टण्. खरं म्हणजे ती सुपारी दोन हात गेली आणि उंबऱ्याला अडून बसली. पण उंबऱ्याला अडलेली सुपारी घेऊन गोष्ट पुढं कशी न्यायची? घ्या.

ढाळजेत असं सामसूम झालं की बाहेर बैल रवंथ करत होते तेवढं ऐकू आलं. मग चुलते उठले.

"ही काय बेइज्जती म्हणायची पाटील?" माझे वडील पाटील नव्हते, पण रागात माणूस समोरच्याला मोठा करतो. "इतक्या लांबून आमी हे ऐकायला आलाव? दमणी जुंपा. माय, ऊठ."

वडील हात जोडून उभे. आईनं माझ्याकडं बघितलं, आणि मला परसात नेतानाचा राग त्या नजरेत नव्हता, म्हणूनच मी घाबरले. ती रडायच्या बेतात होती. रूळ गेले. धूर गेला. आता चौथं स्थळ येणार नव्हतं, हे काडीच्या टोकावरच्या तोंडालाही कळलं.

तेवढ्यात वाणीनमाय उठली आणि सरळ ढाळजेत गेली. बाया तशा जात नसत. पण दुकानावर बसणाऱ्या बाईला कुठल्याही माणसाच्या तोंडाकडं बघून बोलायची सवय असते.

"पाव्हणं, रागावू नका," ती म्हणाली. "ही सवय माझी हाय, पोरीला लागली. धडा म्हंजे खोटं न्हाई. रिकाम्या भांड्याचा भार. आमी तो बाजूला धरतो, अन् माल घेतो. पोरीनं भांड्याला हात लावला, तुमच्या मालाला न्हाई."

"मला शिकवू नका," चुलते म्हणाले.

"तू बस रे," आजी म्हणाली. ती उठली नव्हतीच. "गाडी जुंपायला येळ लागतो. पोरीला भाईर बोलवा. बोलती हाय, एवढं तर कळलं."

मी बाहेर गेले. आजीनं विचारलं, "काय गं, बैल खांद्यावर घेतल्याचं तुला पटंना?"

मी वाणीनमायकडं बघितलं. तिनं मान हलवली नाही, डोळा मारला नाही, काहीच केलं नाही. मग मी खरं तेच बोलले. "बैल ओला असला म्हंजे आणखीन जड होतो."

आजीच्या तोंडाचं बोळकं हललं. "बरोबर," ती म्हणाली. मग आपल्या लेकाकडं वळली. "सांग की आता. का मीच सांगू?"

"माय, तू गप ऱ्हा."

"बैल पवणारं जनावर," आजी मला म्हणाली. "त्याला काय कुणी काढायचं? पोरगं उडी टाकून बसलं अन् गटांगळ्या खायला लागलं. त्याच्या हातात बैलाची शेपूट आली. बैलानं त्याला भाईर काढलं. काठावर येऊन पोरगं रडलं, अन् मग बैलाच्या गळ्यात पडून आणखीन रडलं."

"अन् तहसीलदार साहेब?" वडिलांच्या तोंडून निघून गेलं. मला माझं तोंड कुणाकडून आलं ते तेव्हा समजलं.

"त्यांनी पाठ थोपटली. बैलाची."

चुलते मिशा ओढत खाली बसले. हसू कुणालाच आवरत नव्हतं, पण हसायचं धाडसही कुणी करत नव्हतं. आजीनं मात्र हसू पुसलं आणि माझ्याकडं रोखून बघितलं.

"हे बघ पोरी. आमच्या घरी माणसांचा राबता. चार लोकं येत्यात, चार गोष्टी वाढवून सांगितल्या जात्यात. तिथं येऊन चारचौघांत असं बोलशील का?"

मागून आईचा जीव दारात अडकलेला मला पाठीवर जाणवत होता. उत्तर सोपं होतं. एका शब्दाचं होतं. त्या शब्दापलीकडं रूळ होते, धूर होता, बैलाशिवाय पळणारी घरं होती. आणि आता, खोटं का बोला, शेपूट धरून रडणारा तो पोरगाही होता. त्याला बघावंसं मला पहिल्यांदाच वाटायला लागलं होतं. मी मान खाली घालून, आईनं शिकवलेल्या मऊ आवाजात म्हणाले,

"न्हाई बोलणार, आजी. परत कवाच न्हाई."

आई दाराआड हुश्श झाली. वडिलांनी खांदे सोडले. आणि माझा हात, माझा हा मेला उजवा हात, हळूहळू आपसूक वर गेला.

"हा धडा हाय," मी म्हणाले. "पण घ्या."

आधी म्हातारीचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते दात नसलेलं तोंड असं उघडलं की आतपर्यंत दिसलं. ती हसली, खोकली, पाणी मागितलं, पाणी पिताना परत हसली आणि पाणी चुलत्यांच्या शेरवानीवर सांडलं.

"सुपारी फोडा," ती म्हणाली.

स्थळ पक्कं झालं की सुपारी फोडायची. आई लगबगीनं ताट आणायला धावली, पण आजीनं उंबऱ्याशी पडलेल्या माझ्या सुपारीकडं बोट केलं. "ती हाय की."

"उष्टी हाय हो," आई कळवळून म्हणाली.

"मग धुवा. अन् गूळ कुठंय त्या वाणीनीचा? मघापासनं वास यायलाय."

वाणीनमायनं फडकं काढलं. वाटताना तिनं मला जरा मोठा खडा दिला आणि कानाशी म्हणाली, "हा माल हाय, भवाने. जपून खा."

लग्न होऊन मी परभणीला गेले. पहिल्या दिवशी परसदारात धावले तर रूळ दिसेनात. रूळ पार पलीकडं होते. मध्ये घरं, बाभळी आणि एक वखार. फक्त धूर दिसायचा, आणि शिट्टी ऐकू यायची. मध्यस्थाचा धडा. मी परसात बसून रडले. मागून नवरा आला. घरात कुणाच्या देखत आम्ही बोलत नव्हतो, तेव्हा परसातच काय ते बोलणं. तो म्हणाला, "चल, दाखवतो," आणि बाभळीमधल्या पायवाटेनं मला रुळांपर्यंत घेऊन गेला. गाडी आली. काळी, घामेजलेली, आख्खी जमीन हादरवत. लोखंडाची घरं होती, माणसं होती, धूर होता, बैल नव्हता. मी अर्धा धडा शोधत राहिले आणि गाडी निघून गेली.

"तुमाला बैलानं काढलं म्हणे," मी म्हणाले. नवऱ्याशी बोललेलं हे माझं पहिलं धड वाक्य.

त्यानं रुळाकडचा एक खडा पायानं ढकलला. मग म्हणाला, "शेपूट मी धरली होती. त्येवढं तरी माझं म्हण."

त्यावर आमचा संसार चालला. त्यांनी मित्रांत काही वाढवून सांगितलं की ते स्वतःच मध्ये थांबायचे, माझ्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "हा धडा हाय." पाहुण्यांना वाटायचं, हा ह्या घराचा काहीतरी कुळाचार असावा.

मग निजामाचं राज्य गेलं. वाणीनमाय गेली. आणि बऱ्याच वर्षांनी येलदरीला पूर्णेवर धरण बांधलं, तेव्हा काठचं आमचं गावही गेलं. माणसं वर नवीन जागेत आली, घरं खाली राहिली. नातवंडांना मी सांगते की माझं माहेर पाण्याखाली आहे, ज्या ओट्यावर बसून मी डाळ निवडली तिथून आता मासे जातात, तर ती चारही पोरं एकदम हात वर करतात. "आजी, धडा!" मी खडा टाकत नाही. कसा टाकू? वाणीनमायनं टाकलेल्या सगळ्या खड्यांत बुडालेल्या गावाचा हा एकच परत उचलावा लागला.

पाणी भरल्यावर एकदा आम्ही दोघं बघायला गेलो होतो. हे काठावर उभे राहून लांबवर बघत होते. पाणी शांत होतं, एक नाव चालली होती. ह्यांना माझ्या मनाचं कळत होतं, म्हणून ते हसवायला म्हणाले, "शेपूट धरायला बैल आणायला पायजे होता."

मी पदर डोळ्यांना लावला. त्यांना वाटलं, मी रडतेय. रडतही होते थोडी. पण खरं सांगते, त्या वेळी माझ्या डोक्यात आई नव्हती, वडील नव्हते, सुपारी नव्हती. डोक्यात एवढंच होतं, की खाली कुठंतरी वाणीनमाय तराजू घेऊन बसली आहे, वर आमच्या सावल्यांकडं मान करून बघते आहे, गिऱ्हाईक दारात उभं आहे, आणि मिठाचं काय करायचं हे तिला अजून सुचलेलं नाही.